किंचित

मेरीपोर्टला वारा समुद्राकडून मीठ घेऊन येतो,
कमी पडलं म्हणून थंडीत कौन्सिल रस्त्यांवर आणखी पसरते.
या गावात गाड्या खालून म्हाताऱ्या होतात.
वरून तुकतुकीत.

बेरिल ऑसलची चंदेरी हॅचबॅक ऑक्टोबरात येते,
मंगळवारी, पावणेनऊला,
मागच्या सीटवर कुत्र्याचं घोंगडं.
कुत्रा जाऊन चार वर्षं झाली.
घोंगड्यावर शेरा मारायची सोय तपासणीत नाही.

गाडी लिफ्टवर चढवते, दिवा लावते
आणि आधी मागचे शेरे वाचते,
नव्या बाई वाचतात तसं
मागच्या इयत्तेचं प्रगतिपुस्तक:

चौदा साली: मागील ब्रेकची नळी, किंचित गंज.
पंधरा: किंचित गंज.
सोळा: काही नाही.
सतरा: काही नाही.
अठरा: नळी गंजलेली, लक्ष ठेवावे.
एकोणीस: किंचित.

नळी कधी बदललीत का, विचारलं.
तिने बिस्किटांचा डबा उघडला,
सगळे कागद वर्षवार, रबरबँड लावून.
बदलल्याची पावती नाही.

गंज बरा होत नाही.
हे मला कोर्सला जाऊन शिकावं लागलं नाही,
माझे वडील गोदीत होते.
म्हणजे मधली दोन वर्षं नळी सुधारली नव्हती,
दिवा धरणारा हात दुसरा होता.

विल्फ पॅटिन्सन सगळं लिहायचा,
खिडकीच्या रबरावरचं शेवाळसुद्धा.
त्याच्या कागदाची घडी खिशात मावायची नाही,
लोक हसायचे, आणि न वाचता सही करायचे.
एकदा त्याने काहीतरी लिहायचं राहून गेलं होतं म्हणतात.
कुणाच्या गाडीचं, ते निवृत्त होईतो सांगितलं नाही.

ब्रेडन काहीच लिहीत नाही.
पास तर पास, म्हणतो, नाहीतर नापास,
मधलं काय असतं?
त्याच्याकडे रांग असते.

आणि मी.
टायरची खाच मोजता येते, दोन मिलिमीटर म्हणजे दोन,
तरी शुक्रवारी चार वाजता मी लिहिते "मर्यादेच्या जवळ"
आणि सोमवारी सकाळी त्याच दोनावरून
बोट फिरवून पुढे जाते.
मग किंचितचं काय?
त्याला पट्टी कुठे मिळते?

"हे करायलाच हवं का?" बेरिल दर वर्षी विचारते.
नाही, हा सल्ला आहे.
"मग ठीक," आणि कागद डब्यात.
यंदा मात्र झाकण लावता लावता थांबली.
"डॉक्टरही असंच लिहितात, माझ्या झडपेबद्दल.
थोडी गळते, लक्ष ठेवा.
तिथेही दर खेपेला नवा मुलगा.
लक्ष ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं गं?
मी बसते आणि ऐकते."

मला उत्तर सुचलं नाही.
स्क्रीनवर "किंचित" टाइप केलं,
पुसलं.
मग नियमात बसत नाही ते केलं,
तिला आत बोलावलं, लिफ्टखाली,
दिवा तिच्या हातात दिला
आणि तिचं बोट धरून नळीवर ठेवलं.

पापुद्रा सुटला.
डांबरी तपकिरी, ओल्या चहापत्तीसारखा.

बेरिलने बोट उजेडात धरलं.
बराच वेळ.
"हे किंचित?"

वर रेडिओवर भरतीच्या वेळा सांगत होते.
मी शेरा लिहिला, सहा शब्दांचा, त्यात ते विशेषण नाही.
गाडी पास झाली, व्हायलाच हवी होती,
नळी अजून मर्यादेच्या आत आहे, एवढं खरं.
तिने गुरुवारची वेळ मागितली
आणि मग म्हणाली, पेन्शन झाल्यावर बघू.

पुढच्या ऑक्टोबरात कदाचित ब्रेडन असेल दिव्यापाशी.
कागदाच्या कोपऱ्यावर तिच्या बोटाचा ठसा उठला आहे.
तो आमच्या नोंदीत जात नाही.