अकरा नंबरची काच

जिंतूरच्या आयटीआयत वेल्डर ट्रेडला आम्ही वीस जण,
त्यात मुलगी मी एकटी.
हजेरीला काझी सर नुसतं आडनाव घेतात, "सोळंकी",
आणि माझ्याआधी माझी खुर्चीच करकरते.
तिचा एक पाय निखळलाय.
वेल्डिंगच्या वर्गात.

पहिले पंधरा दिवस रॉड चिकटला.
टेकवला की चिकटला,
ओढला की प्लेटच उचलून आली,
लाल होऊन वाकला सापासारखा.
मागं पोरं हसली.
सर म्हणाले, "घाबरतीस म्हणून जवळ जातीस.
एक सूत अंतर ठेव. एकच सूत.
आणि डोळ्यानं नको, कानानं बघ.
जमलं की कढईत मिरची सोडल्यागत आवाज येतो."

मला हसू आलं.
कानानं बघणं मला कोण शिकवणार?

आम्ही घिसाडी.
बोरी, चारठाणा, औंढा,
जिथं बाजार तिथं पाल, पालापुढं भाता.
बाप संडशीत लोखंड धरून
बारक्या हातोडीनं टिचकी मारतो
आणि टिचकी पडली तिथंच मायचा घण पडतो.
बोलत नाहीत दोघं.
रात्री भांडण झालेलं असलं, सकाळी चूल पेटलेली नसली,
तरी घण इकडचा तिकडं होत नाही.
धाकटा पोटात असताना आठव्या महिन्यापर्यंत
ती घण घालत होती म्हणे.
लोक सांगतात. ती सांगत नाही.

एकदा काच न लावताच टाका मारायला गेले,
एवढ्याशा टाक्याला काय काच म्हणून.
रात्री डोळ्यांत वाळू. वाळू पण नाही, खिळे.
मायनं बटाट्याच्या चकत्या ठेवल्या,
पलीकडच्या पालातल्या बाळंतिणीकडून
वाटीत दूध मागून आणलं,
आणि पहाटेपर्यंत एकच म्हणत राहिली,
"असला कसला गं इस्तू, जो बघू देत नाही?"

तिचा इस्तू बघूनच कळतो.
आधी डाळिंबी, मग पळसाचा,
मग बेसनासारखा पिवळा झाला की, घाल.

पालकसभेला ती एकटीच आली.
शेडच्या दारात चपला काढायला लागली,
सर म्हणाले, "अहो, ठिणग्या असतात, राहू द्या."
तिच्या हातात काच दिली.
"काहीच दिसंना की," काचेआडून आवाज आला.
"थांब," म्हणाले, आणि रॉड घासला.

हिरव्या अंधारात एक थेंब उजळला,
हळूहळू सरकला,
मागं शेवयाच्या वळणांसारखी वळी पडत गेली.
रॉड संपला. मी पोपडा झाडला.
ती अजून काच धरूनच.
मग सरांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात,
"यात घण कुठं घालायचा?"

कुठंच नाही, माय.

तिनं येतानाच पदर खोचलेला होता.
तो सोडला.

त्याच आठवड्यात माझा जॉब वाकवून पाहिला.
फाटकन उकलला. आत राख अडकलेली, काचेसारखी काळी.
"वरून शिवण झकास," सर म्हणाले, "आत कचरा.
दुसरा कर."
दुसरा केला. तो टिकला, तो कपाटात आहे.
फुटका घरी आणला.
बापानं नखानं खरवडलं,
"आतनं तापलंच नाही," म्हणाला,
आणि पहिल्यांदाच विचारलं, किती अँपिअर होतं.
अँपिअर म्हणजे काय, हे नाही विचारलं.

मायनं तो तुकडा ठेवून घेतला.
पालाच्या उगवतीकडच्या कोपऱ्यावर दाबाला ठेवलाय,
वर माझा नंबर ठोकलेला, चौदा.
काल रात्री वारं सुटलं,
सगळी पालं फडफडत होती.
तो कोपरा तेवढा गप्प.

सोमवारी प्रॅक्टिकल आहे.
लाईट राहिली तर.