वीत

सातवा पडदा, सगळ्यात जाड जोडतार.
तर्जनी दुसऱ्या पडद्यावर, मधलं बोट तिसऱ्यावर,
अनामिका पाचव्यावर टेकते कशीबशी
आणि करंगळी हवेत,
न थांबणाऱ्या एसटीला हात करणाऱ्या बाईसारखी.

मोईन मास्तरांचं दुकान परभणीत, स्टेशन रोडला,
घड्याळ दुरुस्ती, पाच बाय सात.
लोक सेल बदलायला येतात.
चावीची घड्याळं टाकून गेलेले परत येत नाहीत.
मास्तर डोळ्याचं भिंग कपाळावर सारतात :
"अगे, हात कू नक्को खेंच.
कोनी अंदर ले. हात खुदीच खुलता."

मी कोपर आत घेते.
अंगठा दांडीच्या मागे, जरा खाली.
मनगट पुढे काढते, श्वास मात्र आतच राहतो.
छेडते.
तीन जोड्या बोलतात.
चौथी, ओल्या फडक्यात गुंडाळलेली वाटी.

आई गजरे विकायची. पाच रुपयाला वीत.
"मावशी, तुमची वीत लहान," गिऱ्हाईक म्हणायचं
आणि स्वतःचा पंजा पसरून दाखवायचं.
"मोजा की तुमच्या हातानं," आई म्हणायची,
"मग भाव बी तुमच्याच हाताचा द्या."
तिचा तो हात मला आला.
तिची जीभ धाकट्या बहिणीला गेली.

तीन महिने झाले तसं मास्तर म्हणाले, आता ठोका.
सूर धरायचा आणि लगेच सोडायचा,
बोट तारेवरच ठेवून दाब तेवढा काढून घ्यायचा.
उचललंस तर तार बोंबलते, दाबून धरलंस तर रेंगाळते.
एकदा गंगाखेडच्या लग्नात ड्रमवाला आलाच नाही,
पिऊन पडला होता पूर्णेच्या फलाटावर.
"रातभर मैच ड्रम था," मास्तर सांगतात,
"इनो आठ तारों पे. नवरदेव के मामू कू पता बी नै चला."

दुकानात एकेचाळीस घड्याळं चालू,
एकाचं एकाशी पटत नाही.
"एक पकड," ते म्हणतात. "टिक कू छोड.
दो टिक के बीच में जो जगा है ना, वहाँ मार."
मी हिरवं गजराचं घड्याळ पकडते.
दुसऱ्या मिनिटाला शेजारचं लंबकवालं मला ओढून नेतं
आणि मी त्याच्या घरात जाऊन बसते, चपला हातात.

शाळेत गाण्याच्या बाईंनी खाली शिकवली होती,
टाळी नाही, नुसता हात उघडायचा.
मला वाटायचं, या मात्रेच्या वाट्याला काहीच आलं नाही.
सगळ्यांच्या आधी मी टाळी वाजवून टाकायची
आणि बाई फूटपट्टी शोधायच्या.

दिवसा मी डेपोच्या खिडकीत बसते, पास काढून देते.
पोरांचे फोटो, पोरींचे फोटो, चिकटपट्टी, शिक्का.
शिक्का मारून हात वर जातो ना,
तिथं, त्या वर जाण्यात,
एका गुरुवारी मला ती जागा सापडली.
रांग लांबली. कुणीतरी खाकरलं.
मी मानवतच्या एका पोराच्या पासावर
तीन शिक्के जास्त मारले होते.

मास्तरांना सांगितलं.
ते काटा चिमट्यात धरून होते, बोलले नाहीत.
काटा बसल्यावर म्हणाले, हौ.

हजेरीचं यंत्र कधीपासून माझी तर्जनी ओळखत नाही.
तारेनं टोकाची कातडी घट्टे पडून गुळगुळीत केली.
मग मधलं बोट गेलं, मग अनामिका.
"दुसरं लावा ना, घुगे मॅडम," साहेब म्हणाले.
करंगळी लावली. तिनं लगेच ओळख दिली,
कोरी करकरीत, एक वळ नाही अंगावर.
तेव्हा मला तिची लाज वाटली होती.

काल सकाळी करंगळी लावली.
लाल दिवा. पुन्हा प्रयत्न करा.
परत लावली.
पुन्हा प्रयत्न करा.

मागे कंडक्टर देवकते उभे, पेटी काखेत :
"काय झालं ओ, एवढं हसायला?"
काही नाही म्हटलं,
आणि उजवा हात लावला.