आठवं फूल

ह्वेरागेर्डीत जमीनच श्वास सोडते,
मागल्या अंगणात, बटाट्याच्या वाफ्यालगत,
आणि त्या श्वासाला उकडलेल्या अंड्याचा वास येतो.
इथे चांदी एका हिवाळ्यात काळी पडते.
गुडफिन्ना अंघोळीआधी अंगठी काढून
साखरेच्या डब्यावर ठेवायची.

तिला जाऊन चौथं वर्ष.
अंगठी तिच्याबरोबर गेली,
सणाचा पोशाख कपाटात राहिला:
काळी चोळी, कमरपट्टा, लांब साखळी,
आणि ती साखळी जिच्यातून ओवायची
ती छातीवरची आठ फुलं,
चार इकडे, चार तिकडे,
केसासारख्या तारेनं विणलेली.

सतरा जूनला आल्डिस तो घालणार आहे.
"आजोबा, चांदी तेवढी उजळून ठेवा," म्हणाली फोनवर,
जणू मी जन्मभर हेच करत आलोय.
मी जन्मभर कॉड साफ केले.

आधी टूथपेस्ट घेतली, जुना ब्रश घेतला.
तारांच्या फटीत पांढरा चिखल बसला.
शेजारची सिगुरलॉग वाटीभर साखर मागायला आली होती,
साखर विसरून ओरडली:
"घासतोस काय? बोटीचा तळ आहे का तो?
घासशील तितकी चांदीच जाते!"

मग तिनं सांगितलं तसं केलं.
मेंढीची तंगडी भाजायचं काचेचं भांडं,
तळाला अ‍ॅल्युमिनियमचा कागद, चकाकती बाजू वर,
मूठभर मीठ, मूठभर खायचा सोडा.
पाणी गार नळाचं, किटलीत उकळलेलं.
गरम नळाचं नाही,
चोराच्या हाती किल्ली कोण देईल?

फुलं एकेक करून सोडली,
गळ सोडावा तशी, दोरी हातात धरून.
बुडबुडे आले. तोच अंड्याचा वास आला.
काळं चांदीवरून उठलं
आणि कागदावर जाऊन बसलं.
कुणी कुणाला खरवडलं नाही.
मी बाकावर बसून नुसता बघत होतो,
कॉफी गार झाली.

सात फुलं निघाली
हॅडॉकच्या पोटासारखी पांढरी.
आठवं होतं तसंच.
खरं तर ते काळं पडलेलंच नव्हतं,
सकाळी बरं वाटलं होतं मला, एक काम कमी.
आता सातांच्या रांगेत
ते मार्गारिनसारखं पिवळट दिसलं.
पुन्हा बुडवलं. सोडा वाढवला.
चष्मा पुसून पाठ बघितली:
सातांवर सोनाराची दोन अक्षरं,
आठव्याची पाठ कोरी.

पितळ उघडं पडलं.
पण मान खाली गेली ती माझी.

त्या हिवाळ्यात इंजिनाचा पंप गेला होता,
थोरलाउक्सहॉफ्नच्या धक्क्याला बोट पाच आठवडे बांधून.
गुडफिन्नानं एका रात्री टेबलावर पाकीट ठेवलं.
"भावानं दिलेत," म्हणाली.
मी मोजले. पुरत होते.
पुरत होते म्हणून पुढे विचारलं नाही.
त्या भावानं कधी परत मागितले नाहीत,
तेव्हाही नाही.

नंतरची एकतीस वर्षं
ती जूनमध्ये हा पोशाख घालून माझ्या शेजारून चालली,
वाऱ्यात झेंडे, मुलांच्या हाती फुगे.
आदल्या रात्री खडूची भुकटी आणि फडकं घेऊन बसायची.
मी रेडिओवर हवामान ऐकत असायचो.
आठव्यालाही तितकाच वेळ द्यायची,
कदाचित जास्त,
जे काळं पडत नव्हतं त्याला.

शनिवारी आल्डिस आली.
चोळी जराशी सैल होते तिला.
आरशापुढे सुईनं साखळी ओवता ओवता
डावीकडच्या तिसऱ्या फुलाशी थांबली:
"हे एक वेगळं का दिसतं?"

म्हटलं, ते बोटीचं आहे.

ती हसली. म्हाताऱ्याचं काहीतरी, असं तिला वाटलं असेल.
ओवत राहिली.

भांडं अजून धुतलेलं नाही.
कागद वाळत घातलाय, काळा, टाकवत नाही.
आणि सिगुरलॉगची साखर
द्यायची राहिलीच.