मुका मार

रात्री साडेनऊला शटर अर्धं ओढलं,
तेवढ्यात खालनं वाकून दोन पोरी आत आल्या.
कुपवाडच्या एमआयडीसीत एवढ्या रात्री
कुत्री येतात, नाहीतर घाईचं काम.

एक अफरीन मुल्लाणी, दुसरी मृदगंधा आवटी.
पेपरात गुंडाळलेला शाफ्ट पुढं केला.
बारा एमएमचा. काकडीसारखा वाकलेला.
"काका, सरळ होईल? परवा पुण्यात मॅच आहे."

लेथला धरला, डायल लावला.
नकार देताना माझ्या बापाची मान हलायची
तसा काटा हलला.
होईल, म्हटलं. पण परत वाकेल.
चाक कुठं बसतंय ते दाखवा.

मग रिक्षातनं त्यांचा रोबो आला.
मला वाटलेलं, हातपाय असतील.
हा तर चार चाकांचा पाट, वर बॅटरी.
चाक पट्टीच्या बाहेर लोंबतंय,
आत एकच बेरिंग, वीस किलोचा भार,
शिवाय समोरच्यांच्या धडका.

चरकाची लाट बघितलीय का, म्हटलं,
दोन्ही टोकांना टेकलेली असते
म्हणून ऊस पिळला जातो, लाट नाही.

अफरीननं माझा मोठा हातोडा उचलला,
हात लांब करून धरला.
बत्तीसला थरथरली. खाली ठेवला.
"कळलं," म्हणाली.

चाकाच्या बाहेरनं दुसरी पट्टी घेतली.
दोन्ही पट्ट्या एकावर एक आवळून
एकाच दमात भोक मारलं,
पुढं कितीही लांब बसल्या तरी
एकमेकींना चुकायच्या नाहीत.

मृदगंधा बेरिंग ठोकायला निघाली.
थांब.
बाहेरचं कडं बसवायचं तर
बाहेरच्याच कड्यावर दाब.
आतल्यावर मारलंस की गोळ्यांना मुका मार लागतो.
दिसत नाही. महिन्याभरानं बोलतो.

साडेबाराला चाक बोटानं ढकललं.
फिरत राहिलं.
तिघंही गप्प, आवाज ऐकत.
आवाज नव्हता.

पैसे विचारले. चहाचे घेतले.

परवा संध्याकाळी फोनवर निरोप:
दुसऱ्या फेरीत हरलो काका,
बॅटरीची वायर सुटली.
शाफ्ट सरळ आहे.

वायरमधलं मला कळत नाही, असं लिहिलं.
पुसलं.
उद्या घेऊन या, लिहिलं.