गॅप

चारू, तू विचारलंस, "काय चाललंय?"
त्याला सात आठवडे झाले.
"मजेत" असं लिहिलं होतं, पाठवलं नाही.
आज मल्हार क्लासला गेलाय, कुकर गार होतोय,
तर सांगते.

अंबडची लाइन दिवाळीनंतर बंद झाली.
आदल्याच आठवड्यात पेढे वाटले होते, त्यामुळे कुणाला खरं वाटेना.
गेटवर घेगडमल काकांनी ओळखपत्र मागून घेतलं,
खाली बघत म्हणाले, "दोरी राहू द्या, ताई."
ती निळी दोरी आता गच्चीत वालाच्या वेलाला बांधलीय.
वेल चढतोय. कंपनीचं नाव उलटं दिसतं.

साडेसहाला जाग येतेच.
सुरुवातीला तर मी डबासुद्धा भरायचे,
आणि अकरा वाजता ओट्याशी उभी राहून
तोच खायचे.
दिगंबर काही बोलत नाही. व्हॅनची एक फेरी वाढवलीय त्याने,
आणि रात्री माझा डोळा लागला असं समजून
फोनवर माझ्यासाठी जाहिराती बघत बसतो.

मुलाखती तीन झाल्या.
सातपूरचे "कळवतो" म्हणाले.
गोंद्यात पगार सांगितला, तो मला आधी बसभाडं वाटला.
सिन्नरला एसी इतका, की बोटं आखडली.
समोर सव्वीसेक वर्षांचा मुलगा, बोलायला चांगला.
"पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता, मॅडम?"
डोळ्यांसमोर लेखानगरचा स्टॉप आला,
हातात पिशवी, सिटीलिंक अजून यायचीय.
म्हटलं, "क्वालिटी हेड."
त्याने लिहून घेतलं.
मग बायोडाटावर पेन टेकवून म्हणाला,
"इथे एक गॅप दिसतोय. चौदा ते सोळा."

मला हसू आलं गं.
इतकी वर्षं मी दुसरं काय मोजलं?
फीलर गेजच्या पात्या उलगडायच्या,
दोन काँटॅक्टच्या मध्ये अलगद सरकवायच्या.
शून्य दशांश तीन, ओके.
शून्य दशांश दोन, रिजेक्ट.
अंतर कमी पडलं तर ठिणगी उडी मारते,
बंद केलेलं बंद होत नाही.

त्या दोन वर्षांत मल्हार झाला,
आणि सासरे अंथरुणाला खिळले होते,
त्यांची कूस दर दोन तासांनी बदलायची,
रात्रीसुद्धा, घड्याळ लावून.
हे त्या पोराला कुठून सांगायला घ्यावं?
म्हटलं, "घरगुती कारण."
त्याने तेही लिहून घेतलं.

नणंद म्हणते, पापड-कुरडयांचं बघ.
परवा उगाच पोळीला व्हर्नियर लावला,
मध्ये दोन, कडेला पावणेतीन.
माझ्याच हाताने माझीच पोळी रिजेक्ट.

बेत विचारशील, तर आहेत.
पाथर्डी फाट्यामागच्या मोकळ्या प्लॉटवर स्कूटर शिकतेय.
ब्रेक जमतो. डावं वळण जमतं. उजवं नाही.
म्हणजे सध्या मी डावीकडे राहणाऱ्यांकडेच जाऊ शकते.
आणि आयटीआयच्या खैरनार सरांनी विचारलंय,
आठवड्यातून दोनदा मुलींना मायक्रोमीटर धरायला शिकवाल का.
पैसे फारसे नाहीत. अजून हो म्हटलं नाही.
पण भाजी चिरता चिरता पहिला तास तयार होतो:
आधी पुसायचं, मग शून्य बघायचं,
रॅचेट फिरवायची, टिक, टिक, टिक,
तिथे थांबायचं.
जोर लावला की आकडा खोटा येतो, पोरींनो.
"पोरींनो" मोठ्याने म्हटलं, तर मांजर उठून गेलं.

तुझं सांग. देवळालीची बदली झाली का?
गुडघा अजून जिने मोजायला लावतो?
बुधवारी गंगेवर बाजाराला आलीस तर
मी मेथीवाल्यांपाशी असेन, दहाच्या सुमाराला.
येईन बसनेच.

आणि ते "मजेत" न पाठवलेलं,
ते अगदीच खोटं नव्हतं गं.
टॉलरन्समध्ये बसत होतं.