साठ टक्के

वडगावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या आप्पांच्या हातच्या.
नियम आल्यापासून त्यांच्या खिशात टेप असते:
वर कन्नड, साठ टक्के,
खालच्या चाळिसात मराठी, इंग्रजी, फोन नंबर,
आणि जागा उरलीच तर गणपती.

मला कन्नड अक्षरं शाळेत शिकवली होती, पासापुरती.
वाचायला लागले ती त्याच्या पोस्टरांवरून.
त्याचं नाव सांगत नाही.
सांगितलं की तुम्ही लगेच बाजू धराल.
एवढंच सांगते, प्रत्येक सिनेमात मारामारीआधी
तो मनगटावरचं घड्याळ काढतो
आणि आईच्या हातात ठेवतो,
आणि मी दरवेळी आवंढा गिळते,
माहीत असून.

शिवलीलाची आई तर रोज साडेसातला
आमची मराठी मालिका लावते,
त्या सासूला कन्नडमध्ये शिव्या घालते
आणि तव्यावरची भाकरी करपवते.
तिच्या दारावर अजून कुणी मोर्चा नेलेला नाही.

ऑगस्टात तो बंगळूरला स्टेजवर म्हणाला,
बेळगावीचा एक इंचसुद्धा देणार नाही.
चार सेकंद. मग टाळ्या.
ते चार सेकंद मी अकरा वेळा पाहिले.
पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदाही.
पाचव्यांदा लक्षात आलं, त्याने केस कापलेत.
फोनवरचा त्याचा फोटो काढला,
तिथं समुद्र लावला, फोनबरोबर फुकट आलेला.
दोन दिवस टिकला.
सकाळी उठून समुद्राकडे कोण बघतं?

मग तिकडचे पुढारी यायला निघाले,
कोगनोळीच्या नाक्यावर त्यांना अडवलं.
त्यांनी तिथंच व्हिडिओ काढला,
आमच्या नावाने मूठ वळली,
मागे ढाब्याची पाटी दिसत होती, चिकन थाळी.
त्यांनाही मी लाइक दिला.
खोटं कशाला बोलू.
इंच मोजणारे दोन्हीकडचे,
टेप मात्र आमच्याच घरात.

एक नोव्हेंबरला आप्पा काळा शर्ट घालतात.
वर्षातून एकदाच त्याला इस्त्री लागते.
शिवलीला त्याच दिवशी चन्नम्मा सर्कलला नाचते,
पिवळी साडी, लाल काठ,
आणि ती नेसायला येते आमच्याकडे,
कारण निऱ्या माझ्या आईसारख्या कुणाला जमत नाहीत.
आई तोंडात सेफ्टी पिना धरून खाली वाकलेली,
दारात आप्पा सायकलच्या पुढच्या चाकात हवा भरत होते.
‘बरी दिसतीस की गे,’ म्हणाले,
आणि फेरीला गेले.
पोरगी लाजली.

रात्री अभिमानी संघाची पोरं आली.
नवा सिनेमा, वीस फुटी कटआउट,
फ्लेक्स नको म्हणे, हाताने रंगवलेला पाहिजे, जुन्यासारखा.
आप्पांच्या अंगात अजून तोच काळा शर्ट.
त्या चार सेकंदांचं त्यांना माहीत होतं की नाही,
मी विचारलं नाही.
मी भिंतीला टेकून उभी, समुद्र उशीखाली लपवल्यासारखी.
आप्पांनी फोटो हातात घेतला,
लांब धरला, जवळ धरला.
‘नाक अवघड हाय,’ म्हणाले.
मग, ‘अॅडव्हान्स?’

चौथ्या दिवशी मला ब्रश दिला.
‘घड्याळ तू कर.’
काटे किती वाजता ठेवू?
‘खालनं काय दिसतंय?’
तरी मी ठेवले. किती वाजता, ते माझं मला.
नावाची अक्षरं आप्पांनी ओढली, टेप न लावता,
एका दमात, चिरमुरे खात खात,
आणि खाली कोपऱ्यात सही केली, मराठीत,
मिरचीएवढी.

पहिल्या शोला पोरांनी वरून दूध ओतलं.
ते कपाळावरून आलं, नाकावर थोडं थांबलं,
घड्याळावरून खाली.
ऑइल पेंट होता, काही झालं नाही.
मी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली,
मग मागं वळून पाहिलं, आप्पांनी ऐकली का.
ते सायकलला शिडी बांधत होते.
गाठ बसत नव्हती.