दुसऱ्यांदा खणताना

पुण्यात कुणीही गेलं तरी निरोप तोच येतो:
चार वाजता माती आहे.
जाळणारेही माती म्हणतात.
आमची मात्र खरोखरच माती असते,
मुरमाड, पांढुरकी, पहारीला दाद न देणारी,
आणि साडेतीन फुटांवर काळा कातळ,
त्याच्या खाली कुणाचीच वट चालत नाही.

सिमोन ओहोळ सकाळपासून खणतोय.
नवी जागा नाही.
घरच्याच कुणाच्या तरी कबरीत उतरायचं,
जुनी पावती दाखवायची, सही करायची.
सुवार्ताआत्यासाठी पपांची उघडायची ठरली
तेव्हा घरात सगळ्यांनी चहाकडे पाहिलं.
एका शिवणयंत्रावरून दोघं अकरा वर्षं बोलत नव्हते.
चर्चमध्ये एकाच बाकावर, दोन टोकांना,
मध्ये आईची पर्स.

ताई, मागं व्हा, सिमोन म्हणाला.
मी झाले नाही.
आधी एक बटण आलं, मग गंजके खिळे,
मग नायलॉनचा मोजा.
अख्खा.
खडकीच्या कॅन्टीनमधून घेतलेला,
टाचेला आईनं रफू केलेला.
रफूचा दोरा सुती होता, तेवढा मातीनं खाल्ला,
भोक पुन्हा जिथल्या तिथं.
आत पपांचा पाय,
सुपारीएवढ्या हाडांचा.

सिमोननं मोजा झटकला नाही.
सगळं पांढऱ्या फडक्यात बांधलं
आणि खालूनच विचारलं,
हे आत्याबाईंच्या पायाशी ठेवू का उशाशी?
पेटी फाटकात आली होती.
उशाशी, मी म्हणाले. कानाजवळ.

माझ्या सासऱ्यांना वैकुंठात नेलं होतं,
दुसऱ्या दिवशी एका मडक्यात ते आळंदीला गेले.
नवरा परतताना स्कूटरवर म्हणाला होता,
तुमचं बरं, जायला एक ठिकाण असतं.
आज तो पाद्रीबुवांच्या मागे, हात बांधून,
त्या ठिकाणात
किती दाटीवाटी असते ते बघत उभा.

मूठमाती झाली. खड्डा बुजवला
तरी वर चार बोटं खळगा राहिलाच.
पहिल्यांदा खणली की माती उरते, सिमोन म्हणाला,
दुसऱ्यांदा कमी पडते. नेहमीच. कुठं जाते कळत नाही.
त्यानं शेजारच्या कडेची दोन घमेली ओढून घेतली.

रात्री कणीक मळायला बसले
तर नखांत पांढुरका मुरूम.
थोडी
इकडे आली होती.